उसाच्या ट्रॉलीमागचा अंधार

गाळप हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातील रस्त्यांचे रूप पालटते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींवर बाजूंना बाहेर आलेला ऊस, आणि मागे अंधार. यांतील पुष्कळशा ट्रॉल्या तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात तयार झालेल्या असतात. शेतकऱ्याच्या ऐपतीत बसेल असे साधन स्थानिक कारागिराने दिले, हे त्याचे श्रेयच होय. परंतु ट्रॉली बांधताना लक्ष असते ते सांगाडा व टायर किती टन पेलतील याकडे. मागून येणाऱ्याला ती दिसेल काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

हिशेब सोपा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात २२ मीटर जाते. चालकाला भान येण्यात एकच सेकंद गेला, तरी कोरड्या डांबरी रस्त्यावर ती थांबण्यास ५५ ते ६० मीटर लागतात. खाली केलेल्या दिव्यांच्या उजेडात मळकट, बिनदिव्याची ट्रॉली बहुधा त्याहून जवळ आल्यावरच दिसते. समोरून प्रखर झोत येत असेल तर तेवढीही नाही. मागील दिव्याची वायर दोन जोडांतून जाते आणि हंगामाच्या मध्यास कोठेतरी तुटते. दिवा शाबूत राहिलाच तर त्यावर वाढे लोंबतात. पंक्चर झालेल्या ट्रॉलीभोवती दगड मांडण्याची आपली रीत तर अजबच. ट्रॉली निघून जाते, दगड राहतात!

परावर्तक पट्टीला वायर लागत नाही. खर्च काहीशे रुपयांचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये परावर्तकांची तरतूद आहे. तरीही ती लागत नाही, याचे कारण बेपर्वाईपेक्षा हिशेबात अधिक आहे. वाहतूकदारास मोबदला टनावर मिळतो. पट्टीचा खर्च त्याचा आणि लाभ एका अनोळखी दुचाकीस्वाराचा, असा हा व्यवहार आहे. असा खर्च आपखुशीने होईल, ही अपेक्षा अर्थशास्त्र करीत नाही.

पोलिसांनी रस्तोरस्ती उभे राहणे अशक्य आहे. पण प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर येतेच. पट्टी नसेल तर वजन नाही, एवढा नियम पुरे. यात एक अडचण मात्र खरी आहे. एकाच कारखान्याने सक्ती केली तर ऊस शेजारच्या कारखान्याकडे वळेल. म्हणून ही सक्ती सर्वांवर एकाच दिवसापासून हवी. गाळप परवाना साखर आयुक्त देतात. अट तेथूनच आली पाहिजे. कर्जाच्या ट्रॅक्टरवर राबणाऱ्या चालकाला दंड करीत बसण्यापेक्षा कारखान्याने पट्टी स्वतः लावून द्यावी व वाहतुकीच्या बिलातून रक्कम कापून घ्यावी.

हंगामारंभी पट्ट्या लावण्याचे समारंभ होतात, छायाचित्रेही छापून येतात. जानेवारीपर्यंत त्या पट्ट्यांवर धूळ आणि चिखलाचे थर चढतात. गव्हाणीपाशी ट्रॉल्या तासन्‌तास रांगेत उभ्या असतात. ओल्या फडक्याने पट्टी पुसण्यास तेवढा वेळ पुष्कळ आहे.