न झालेल्या खर्चाचा हिशेब

सन २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली. फ्रान्स पहिला, आपण ११२वे. गुणवत्ता यादीवर पोसलेल्या आपल्या समाजाला असा क्रमांक चटकन कळतो आणि तितक्याच लवकर तो विसरलाही जातो. त्या यादीवर इतकी टीका झाली, की संघटनेने पुन्हा तशी क्रमवारी लावली नाही. पण तिच्यामागचा एक प्रश्न मोलाचा होता : आजारपणाचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर पडतो?

आपल्या सरकारी हिशेबानुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले शंभरातले ६४ रुपये लोकांनी थेट खिशातून दिले होते. २०२१-२२ मध्ये हा आकडा ३९वर आला. याच काळात सरकारी खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या १.१ वरून १.८ टक्क्यांवर गेला. चांगलेच झाले. (ते कोविडचे वर्ष होते आणि २०१७च्या धोरणात २०२५पर्यंत अडीच टक्के गाठायचे ठरले होते, हेही ध्यानात ठेवावे.)

माझी शंका वेगळीच आहे. खिशातून गेलेला पैसा मोजणाऱ्या पट्टीला पैशाअभावी न घेतलेले औषध दिसत नाही. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना मधुमेह आहे. महिना सरत आला, की त्या गोळी एक दिवसाआड घेतात. मी रागावले, तर म्हणाल्या, "ताई, वाणी दारात येऊन उभा राहतो. साखर कुठे येते?" हिशेबाच्या वहीत मावशींचा औषधखर्च निम्मा झाला. म्हणजे कागदोपत्री त्यांची प्रगतीच!

२०१८च्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. मावशींची रोजची गोळी त्यात बसत नाही. पाय कापायची वेळ आली तर कदाचित बसेल. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. मात्र तिथे औषध शिल्लक नसले आणि 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हाती पडली, तर त्या मोफतपणाला अर्थ काय?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावोगावी जन्ममृत्यूंची नोंद ठेवली, म्हणून घरातल्या घरात दगावणारी नवजात बाळे जगाला दिसली. तशीच एक साधी वही प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीवर हवी : आज किती माणसे औषधाविना परतली. आणि ती दर महिन्याला ग्रामसभेत वाचून दाखवावी.