आरोग्यविचार : मूत्रपिंडांची एक परीक्षा

कल्हईवाल्याच्या भात्यापाशीं उभें राहून ज्यांनीं भांडीं उजळून घेतलीं आहेत, त्यांस नवसागराचा तो पांढरा, ठसका आणणारा धूर सांगावयास नको. हाच नवसागर रोग्यास खावयास देऊन त्याच्या मूत्रपिंडांची परीक्षा करितात, हें मात्र पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

आपण जें अन्न खातों त्यांतून, विशेषतः प्रथिनांतून, शरीरांत रोज कांहीं आम्ल उरतें. तें बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडांचें. रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. निरोगी मूत्रपिंड प्रसंग पडल्यास लघवीचा पीएच ५.३ च्याहि खालीं नेतें. हा आंकडा एकानें उतरला कीं आम्लता दसपट होते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे हें काम केवढें आहे तें कळेल.

कांहीं माणसांच्या मूत्रनलिकांच्या शेवटच्या भागास हें साधत नाहीं. मूत्रपिंडांचीं इतर कामें बहुधा ठीक चाललेलीं असतात. त्यामुळें दोष लपून राहतो. मुलास असा जन्मजात दोष असला तर खाल्लेलें अंगीं लागत नाहीं, उंची खुंटते, मुडदूस होऊन पाय वांकतात. आजी मीठमोहऱ्या ओंवाळते, आई दुधांत अंडें घालावें कीं नाहीं ह्या विवंचनेंत असते, आणि वर्षें निघून जातात. प्रौढांत मुतखडे पुनःपुन्हां होतात. कधीं रक्तांतील पोटॅशियम इतकें उतरतें कीं रोग्यास अंथरुणांतून उठवत नाहीं. ह्यावरील उपाय मात्र स्वस्त आहे : वैद्याच्या देखरेखीखालीं खाण्याचा सोडा किंवा पोटॅशियम सायट्रेट. वेळीं आरंभ झाल्यास मूल पुन्हां वाढीस लागतें. म्हणूनच निदानास एवढें मोल.

रक्त आधींच आम्लधर्मी झालें असून लघवी तशी होत नसेल, तर निराळी परीक्षा नको. अडचण येते ती रक्त ठीक दिसतें पण खडे थांबत नाहींत अशा रोग्यांत. त्यांच्यासाठीं १९५९ सालीं रॉंग व डेव्हिस ह्या ब्रिटिश डॉक्टरांनीं नवसागराची परीक्षा मांडली. (नांव रॉंग असलें तरी गृहस्थांचें काम बरोबर होतें!) वजनाच्या दर किलोस ०.१ ग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसास ५ ग्रॅम नवसागर द्यावयाचा. यकृतांत त्यांतील अमोनियाचा युरिया बनून मागें आम्ल उरतें. मग दर तासास लघवी तपासावयाची, पीएच ५.३ च्या खालीं गेला नाहीं तर दोष समजावा. पद्धत खात्रीची, पण पोटांत मळमळ अशी कीं कित्येक रोगी औषध ओकून टाकतात, आणि परीक्षा फुकट जाते.

२००७ सालीं वॉल्श, शर्ली, अन्विन आणि तेच वृद्ध रॉंग ह्यांनीं दुसरी वाट दाखविली. सूज उतरविण्यासाठीं दिलें जाणारें मूत्रल औषध फ्यूरोसेमाइड ४० मिलिग्रॅम, व त्यासोबत फ्लुड्रोकॉर्टिसोन १ मिलिग्रॅम. युक्ति मोठी सुरेख आहे. मूत्रल औषध नलिकेच्या मधल्या भागांत मिठाचें शोषण अडवितें. तें मीठ वाहत शेवटच्या भागांत येतें. तेथें सोडियम आंत ओढला जातो, नलिकेच्या पोकळींत ऋण विद्युद्भार राहतो, आणि धन भाराचा हायड्रोजन तिकडे खेंचला जातो. दुसरें औषध ह्या क्रियेस जोर देतें. शरीरांत नवें आम्ल न घालतां नलिकेची ताकद अशी अजमावतां येते, आणि पोटासहि त्रास होत नाहीं.

तरीहि ही परीक्षा सर्वस्वीं निर्णायक नव्हे. बर्न येथें मुतखड्याच्या रोग्यांवर झालेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं निकाल निर्दोष आला तर निश्चिंत व्हावें, पण सदोष आला तर नवसागरानें पडताळा घ्यावा. म्हणजे कल्हईवाल्याचा जिन्नस अजून निकालांत निघालेला नाहीं!

ज्यांचें पोटॅशियम उतरलेलें आहे त्यांचें तें आधीं भरून काढावें लागतें, कारण मूत्रल औषधानें तें आणखी घटतें. तेव्हां हा प्रयोग घरीं करण्याचा नव्हे. लघवींत जंतु असले तरीहि आंकडा फसवितो. शिवाय लघवी उघडी राहिली कीं तींतील कार्बन वायु उडून जातो व पीएच चढतो. सकाळीं बाटली भरून दुपारीं सवडीनें प्रयोगशाळेंत पोंचविण्याची आपली जी घरगुती रीत, ती येथें मुळींच चालत नाहीं.