धक्क्यावरच्या बोटींना विजेचा धोका

विशेष प्रतिनिधी

बोट धक्क्याला लागली की तांडेल आणि खलाशी निर्धास्त होतात. आगीच्या दृष्टीने मात्र धक्क्यावरची बोटच अधिक असुरक्षित असते. रात्री तिच्यावर अनेकदा कोणी नसते आणि शेजारच्या बोटी तिला खेटून उभ्या असतात. विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री लागलेल्या आगीत चाळीसच्या आसपास बोटींची हानी झाली. ती आग सिगारेटच्या थोटकामुळे लागल्याचा निष्कर्ष पोलिसांनी काढला. ठिणगी विजेची असती, तरी डिझेल, गॅस सिलिंडर आणि नायलॉनची जाळी यांनी भरलेल्या त्या गर्दीत आग तशीच पसरली असती.

बोटीवरील वीज १२ किंवा २४ व्होल्टची, म्हणजे निरुपद्रवी, असा सर्रास समज आहे. इतक्या कमी दाबाचा झटका सहसा बसत नाही, हे खरे. परंतु बॅटरीच्या दोन तारा एकमेकींना टेकल्यास शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि काही क्षणांत तारेवरील वेष्टन पेट घेते. खाऱ्या हवेने तारांचे सांधे गंजतात. गंजलेला सांधा प्रवाहाला अडथळा करतो आणि तापत जातो. शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. बंदिस्त जागेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की स्फोटाला एक ठिणगी पुरते. त्यात बोट फायबरची असेल, तर तिचा सांगाडाच इंधन ठरतो.

यावरील उपाय फारसे खर्चिक नाहीत. बॅटरीलगत योग्य क्षमतेचा फ्यूज, कल्हई केलेल्या तांब्याच्या तारा, बॅटरीच्या कप्प्याला खेळती हवा, मुख्य स्विच बंद करूनच बोट सोडण्याची शिस्त आणि धक्क्यावर रात्रीचा पहारा, एवढ्याने बराच धोका टळतो. धक्क्यावरून उघड्या तारा ओढून वीज घेण्याचा प्रकार तर तातडीने थांबायला हवा.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात राज्यातील बोटींची डागडुजी होते. इंजिन आणि जाळ्यांबरोबर वायरिंगची तपासणीही याच वेळी सक्तीची करणे शक्य आहे. मत्स्यव्यवसाय विभाग आणि मच्छीमार सोसायट्यांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा. वायरिंग एका मालकाचे असले, तरी आग लागल्यास संसार शेजाऱ्यांचेही उघड्यावर येतात. म्हणूनच हा प्रश्न एकेका मालकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही.