कावळ्याच्या घरचा नर्तक

आमच्या डोंबिवलीच्या धाकट्या बहिणीने गेल्या हिवाळ्यात आपला नातू आमच्याकडे ठाण्याला धाडला. म्हणाली, "दादा, पोराला पाखरांचे वेड लागले आहे. आता तूच काय ते पाहा."

चाळीस वर्षे येऊरच्या वाऱ्या करणाऱ्या माणसाला याहून मोठा मान तो कोणता? दुसऱ्याच दिवशी पहाटे आम्ही दोघे येऊरच्या जंगलात हजर! ओढ्याकाठच्या बांबूंत एकाएकी पांढरी फीत लहरली. स्वर्गीय नर्तक! अंगाने बुलबुलाएवढा, काळेभोर डोके, वर तुरा आणि शेपटीची दोन पिसे चांगली फूटभर लांब. पलीकडे तांबूस रंगाची, आखूड शेपटीची मादी.

मी लगेच शिकवणी सुरू केली. "हा माशीमारांच्या कुळातला. उडते किडे हवेतल्या हवेत टिपतो, पाहा."

"नाही, मामाआजोबा," चिरंजीव म्हणाले, "हा कावळ्याच्या नात्यातला."

मी हसलो. जरा अधिकच मोठ्याने हसलो. पोर त्यानंतर परतीच्या बसमध्येही बोलले नाही.

रात्री झोप येईना. उठून कपाटातली जुनी पुस्तके काढली. त्यांत माझेच म्हणणे छापलेले. जरा बरे वाटले. मग लेकीच्या संगणकावर नवी माहिती वाचली, आणि घाम फुटला.

स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली या पाखराला शास्त्रीय नाव दिले, तेच मुळी 'कॉर्व्हस पॅराडिसी', म्हणजे स्वर्गातला कावळा! पुढच्या पंडितांनी त्याची रुंद, चपटी चोच आणि किडे टिपण्याची रीत पाहिली व त्याला माशीमारांत बसवले. तिथे तो फार वर्षे सुखाने नांदला. पुढे सिब्ली आणि आल्क्विस्ट या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी पक्ष्यांचा डीएनए ताडून पाहिला आणि १९९० साली नवी वंशावळ मांडली. तीत हा कावळ्याच्या गोतात निघाला. आज त्याचे 'मोनार्क' नावाचे वेगळे कुटुंब मानतात. कोतवाल, खाटीक आणि कावळा ही त्याची भाऊबंद मंडळी. माशीमारांशी साम्य होते ते धंद्याचे. एकाच धंद्यात दोन घराणी शिरली की हत्यारेही सारखीच होतात!

याउलट येऊरचाच गाणारा शामा. त्याला आम्ही कस्तुरांच्या घरचा समजत होतो, तो माशीमारांच्या कुळातला ठरला.

म्हणजे चाळीस वर्षे मी दोन पाखरांना परक्या घरी नांदवत होतो. त्याचे एवढे वाईट वाटले नाही. ज्ञान पुढे जातेच. पण खरे बोलणाऱ्या पोराला मी हसलो होतो.

सकाळी चहा घेताना त्याला म्हटले, "बाळ, तुझे खरे. माझे चुकले."

त्याने बशीतून मान वर केली नाही. एवढेच विचारले, "मग उद्या पुन्हा जायचे?"

यंदा पितृपक्षात गच्चीवर कावळ्याला घास ठेवला, तेव्हा त्याच्याकडे जरा आदराने पाहिले. काय सांगावे, कोणाचे पाहुणे कुठे निघतील!

परवा भाऊबीजेला डोंबिवलीला जायचे आहे. बहिणीची ओवाळणी सौ.ने केव्हाच काढून ठेवली आहे. पिशवीत माझी जुनी दुर्बीण मात्र मी घातली आहे. ती पोरासाठी.