आइनहॉर्न यांची वजाबाकी

कर्करोगतज्ज्ञ लॉरेन्स आइनहॉर्न यांचे नाव निघाले की आक्षेप ठरलेले असतात. वृषणाच्या कर्करोगावर सिस्प्लॅटिन चालते हे त्यांनी दाखवले खरे, पण ते औषध त्यांचे नव्हेच. आयते हाती लागले आणि नशीब फळफळले, असे एक म्हणणे. दुसरे जास्त जहरी : तरुण मुलांच्या शिरांत विष ओतले आणि त्याला उपचार म्हटले.

आयत्याचे आधी पाहू. सिस्प्लॅटिन हे संयुग रसायनशास्त्राला १८४०च्या दशकापासून ठाऊक होते. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांनी जिवाणूंचे विभाजन थांबले, हे त्यांनी १९६५मध्ये प्रसिद्ध केले. योगायोग तो एवढाच, आणि तोही रोझेनबर्ग यांचा. विभाजन थांबवणारे हे संयुग कर्करोगावरचे औषध म्हणून माणसांना देऊ लागल्यावर रुग्ण उलट्यांनी बेजार झाले, मूत्रपिंडांना इजा होऊ लागली. असले औषध १९७४मध्ये इंडियाना विद्यापीठात आइनहॉर्न यांनी उचलले आणि व्हिनब्लास्टिन व ब्लिओमायसिन यांच्या जोडीला बसवले. व्हिनब्लास्टिनचा मार अस्थिमज्जेवर, ब्लिओमायसिनचा फुफ्फुसांवर, सिस्प्लॅटिनचा मूत्रपिंडांवर. तिघांचा मुख्य मार एकाच अवयवावर पडत नाही, म्हणून तिन्ही एकत्र देता येतात. ही जुळणी विचारपूर्वक केलेली आहे.

डोनोह्यू या शल्यचिकित्सकांसह त्यांनी १९७७मध्ये ५० रुग्णांचा अहवाल छापला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून पुरावा कच्चा असेही म्हणतात. एरवी हा आक्षेप मी स्वतःच घेतला असता. पण त्याआधी रोग शरीरभर पसरला की दहातला एखादाच तरुण वाचे. इथे दहापैकी सात जणांच्या गाठी पूर्ण विरल्या, आणखी काहींच्या उरलेल्या गाठी शस्त्रक्रियेने निघाल्या. एवढा फरक डोळ्यांसमोर असताना तुलनेचा गट कोणाच्या मुलाचा करायचा?

विषाचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. बरे झालेल्यांपैकी काहींच्या कानांत पुढे वर्षानुवर्षे घणघण राहते, बोटे बधिर होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. हे नाकारणारा डॉक्टर खोटे बोलतो. पण आइनहॉर्न यांचे १९७७नंतरचे लेखन आक्षेप घेणारे वाचतच नाहीत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे जे केले ती वजाबाकी होती. आधी व्हिनब्लास्टिनची मात्रा पाव हिश्शाने उतरवली. गुण तेवढाच आला, त्रास घटला. मूळ पद्धतीत दोन वर्षांपर्यंत चालणारी देखभालीची इंजेक्शने १९८१च्या अभ्यासात अनावश्यक ठरली. १९८७मध्ये व्हिनब्लास्टिन जाऊन एटोपोसाइड आले, स्नायू आणि नसांचे हाल कमी झाले. १९८९मध्ये सौम्य गटातल्या रुग्णांना चारऐवजी तीनच फेऱ्या पुरतात हे सिद्ध झाले. हे प्रश्न दोन गटांची नीट तुलना करून सोडवलेले आहेत. जिथे फरक लहान असू शकत होता तिथे तुलनेचा गट ठेवलाच. आणि फुफ्फुसे वाचवण्यासाठी ब्लिओमायसिनही वगळून पाहिले तेव्हा निकाल बिघडला. १९९५मध्ये तेही छापले, आइनहॉर्न यांच्या नावासह. विष ओतण्याचीच हौस असलेला माणूस ते कमी करत बसत नाही, आणि कमी करणे कुठे थांबवायचे हेही सांगत नाही.

‘हा कर्करोग मुळातच सोपा’ हा युक्तिवाद तर चेष्टाच आहे. सोपा झाला तो या कामानंतर.

आपल्याकडे हा आजार तुलनेने दुर्मीळ, पण लाज मुबलक. वृषणातली न दुखणारी गाठ मुलगा महिनोन्महिने लपवतो, आणि कळल्यावर घरचे ‘केमो नको, काढा देऊ’ म्हणतात. अशा घरांना सांगणे एवढेच : सोनोग्राफी करा, एएफपी आणि बीटा-एचसीजी या रक्ततपासण्या करा, आणि कर्करोगाचा संशय असेल तर अंडकोशाची पिशवी कापून नव्हे, जांघेतून शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे जा. रोग पसरलेला निघाला तरी उपचार नाकारू नका. त्या अवस्थेतलेही बहुतेक रुग्ण आज बरे होतात.