प्लॅस्टिकमधला वेताळ

तिशी जवळ आली की माणसं पुन्हा काहीतरी जमवायला लागतात. कुणी स्नीकर्स, कुणी फाउंटन पेनं. माझ्या ओळखीतल्या चौघांनी मात्र कॉमिक्स जमवायला घेतली आहेत, आणि चौघंही नवे आई-बाप आहेत. पाचवी मी.

आता आमची पिढी काही ‘इंद्रजाल’ची नाही. टाइम्स ग्रुपने ते मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंदही केलं. आमच्या वाट्याला आले ते ‘टिंकल’, ‘चाचा चौधरी’ आणि अनंत पैंची ‘अमर चित्र कथा’. नगरच्या (आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात नगरच) माळीवाडा स्टँडवर पुण्याची एसटी लागेपर्यंत आई एक अंक घेऊन द्यायची. शिरूर यायच्या आत तो संपायचा, मग पुण्यापर्यंत परत पहिल्या पानापासून!

‘इंद्रजाल’ भेटलं ते बाबांच्या ट्रंकेत, तेही मराठीत. फँटमचा वेताळ झालेला आणि त्याच्या बंगाला देशाचं डेंकाली. मूळच्या सिंग चाच्यांना तर चक्क ‘सिंगा’ करून टाकलेलं. इथल्या कुणाला राग यायला नको म्हणून असावं, पण मला अजूनही डेंकालीच खरं वाटतं.

लहानपणी कलेक्शन म्हणजे अदलाबदल. आपला अंक वाड्यात चार घरं फिरून यायचा तेव्हा मुखपृष्ठ गायब, कोडी आधीच सोडवलेली. आता कलेक्शन म्हणजे बाजार आहे, बॉस. अप्पा बळवंत चौकात चौकशी केली की आधी तुमच्या चेहऱ्याकडे बघून भाव ठरतो. ऑनलाइन तर ‘रेअर’ हा शब्द मिठासारखा वापरतात. मला एकाने ओरिजिनल म्हणून रंगीत झेरॉक्स पाठवली होती. तेव्हापासून मी आधी पिनांचा क्लोजअप फोटो मागते. जुन्या अंकाच्या पिना गंजलेल्या असतात आणि गंजाचा डाग आतल्या पानावर उतरतो. पानं पिवळी पडलेली असतात, कारण हा स्वस्तातला कागद, त्यातल्या आम्लानेच हळूहळू ठिसूळ होतो. दमट कपाटात कसर लागते ती वेगळीच. म्हणून मग आमच्यासारखे लोक आम्लरहित पुठ्ठा आणि पारदर्शक स्लीव्हज् आणतात.

आणि नेमका त्याच घरात एक चार वर्षांचा माणूस असतो. ‘मिंट कंडिशन’ म्हटलं की त्याला पुदिना आठवतो, आणि हाताला चिवड्याचं तेल लागलेलं असतं. तुमच्या कपाटात काय आहे ते त्याला आत्ताच्या आत्ता बघायचं असतं. वाचता न येणाऱ्याला काय कळणार, असं म्हणून मी काही दिवस टाळलं. पण मग हे सगळं जमवतोय कुणासाठी?

तर मी त्याला ‘चांदबीबी’ दिली. अंक इंग्लिशमधला, मी वाचताना मराठी करत जाते. आपल्याच गावचा किल्ला, डिसेंबर १५९५ मधला मुरादचा वेढा, सुरुंगाने उडालेली तटबंदी आणि ती रातोरात बुजवून घेणारी चांदबीबी. ते पान त्याने इतक्यांदा उघडायला लावलं की मधली पिन सुटली.

‘मग ती जिंकली ना?’ हा खरा प्रश्न. पुढच्याच वर्षी तहात वऱ्हाड द्यावं लागलं आणि १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला मारलं, हे चार वर्षांच्या पोराला झोपताना सांगायचं का? लहानपणी माझ्यासाठी ही गोष्ट किल्ल्यावरच संपायची. शेवट वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा कळलं की तो किती कडू आहे. मी म्हटलं, ‘त्या दिवशी जिंकली.’ त्याने ते मान्य केलं. पण उरलेलंही कधीतरी सांगावं लागणार आहे आणि ते मीच सांगितलेलं बरं.

मागच्या महिन्यात त्याला पाथर्डी रोडवरच्या डोंगरावर घेऊन गेलो. गावात सगळे त्या इमारतीला चांदबीबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे. हे ऐकून स्वारी जाम वैतागली. ‘मग चांदबीबी कुठेय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी बॅगेतून अंक काढला. तीन मजले वर जाऊन वाऱ्यात पानं धरून पुन्हा तीच गोष्ट वाचली.

सुटलेलं पान मी सेलोटेपने चिकटवलंय. कलेक्टर मंडळी यावर मला ग्रुपमधून काढतील, कारण सेलोटेप म्हणजे महापाप. पोराला आता सलाबतखानाचं कॉमिक हवंय. ते मला अजून कुठेच दिसलेलं नाही.