कोसबाडची टेकडी आणि बोईसरच्या चाळी

एकात्मिक बालविकास सेवा योजनेला २ ऑक्टोबर २०२५ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली. १९७५ साली देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झालेली ही योजना लोकांना माहीत आहे ती अंगणवाडी म्हणून. पालघर जिल्ह्याने हा दिवस इतरांपेक्षा अधिक आपलेपणाने पाळायला हवा, कारण अंगणवाडीची कल्पना याच मातीत रुजली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या. केंद्रातल्या बालवाडीत वस्तीतल्या दलित घरांची मुले येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारल्यांच्या पाड्यांशी जोडले गेले. तिथली मुले सकाळी गुरांमागे जात, म्हणून शाळा कुरणात भरू लागली. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे, म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आली. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात माँटेसरी पद्धत शिकल्या होत्या. त्या पद्धतीची साधने महाग. कोसबाडला त्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी आणि पानांनी घेतली. मूल शाळेत येत नाही म्हणजे त्याला शिकायचे नाही, असा निष्कर्ष या बायकांनी कधी काढला नाही. त्या मुलाचा दिवस कसा जातो हे बघत आणि आपले वेळापत्रक बदलत. आजच्या योजनेकडे इमारती आहेत, वजनकाटे आहेत, मोबाइल अॅप आहे. हे बघणे मात्र कमी झाले आहे.

माणसाची घडण टप्प्याटप्प्याने होते, हे आपल्या घरांना नवे नाही. बारसे, उष्टावण, जावळ हे त्या टप्प्यांचेच सोहळे. गेल्या शतकात त्याची शास्त्रीय मांडणी झाली. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलाच्या विचारशक्तीचे चार टप्पे सांगितले. पहिली दोन वर्षे हाताने, तोंडाने, डोळ्यांनी जग चाचपण्याची. सातव्यापर्यंतची भाषेची आणि कल्पनेच्या खेळाची. अकराव्यापर्यंतची समोरच्या वस्तूंवरून तर्क करण्याची. त्यापुढची अमूर्त विचाराची. एरिक्सन यांनी १९५० साली जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ टप्पे मांडले. त्यांच्या वयोमर्यादांवर नंतर आक्षेप आले आणि ते रास्तही आहेत. मुले पुस्तकातल्या तारखांना मोठी होत नाहीत. पण वेग मुलागणिक बदलला तरी आधीच्या टप्प्यात कमावलेल्यावरच पुढचा उभा राहतो, हे म्हणणे टिकले आहे. राबातले रोप आवणीची वेळ टळली की पुढे कितीही खत घातले तरी पुरते भरत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

यातला सर्वांत नाजूक काळ पहिल्या हजार दिवसांचा, गर्भातले २७० आणि जन्मानंतरचे ७३०. मेंदूची घडण या काळात सर्वाधिक वेगाने होते. या जिल्ह्याला त्याची किंमत ठाऊक आहे. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत आदिवासी बालके कुपोषणाने दगावली, २०१६मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी राज्याला पुन्हा जाग आणली. मधल्या काळात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे आणि ते जेवण शिजवणाऱ्या, पाड्यापाड्याने वजने घेत फिरणाऱ्या सेविका-मदतनीस तुटपुंज्या मानधनावर हा डोलारा तोलून आहेत. पण दिवाळी झाली की जव्हार-मोखाडा-विक्रमगडची कुटुंबे बयाणा घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दोन वर्षांच्या मुलासाठी हे सहा-सात महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा चौथा हिस्सा. गावातल्या वहीत त्याचे नाव असते, भट्टीवर ते मूल कोणाच्याच वहीत नसते.

बोईसर-तारापूरचे दुखणे वेगळे आहे आणि त्याकडे लक्ष आणखी कमी. इथे कुटुंबे निघून जात नाहीत, येतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेला कामगार औद्योगिक वसाहतीभोवतीच्या सरावली, पास्थळ, कोळवडे, कुंभवलीतल्या चाळींत राहतो. बारा तासांची पाळी करून बाप झोपायला येतो, आईही कुठल्या युनिटात पॅकिंगला जाते. तीन वर्षांचे मूल दहा बाय दहाच्या खोलीत आठ वर्षांच्या बहिणीकडे असते. वजनकाट्यावर ते कदाचित ठीक भरेल, कारण वाढ काट्यावर दिसते. बोलणे, प्रश्न विचारणे, दुसऱ्याच्या हाती खेळणे देणे, हरल्यावर सावरणे यांची नोंद काटा घेत नाही आणि ते सगळे अंगवळणी पडण्याचे वय हेच आहे. शिवाय हे मूल घरात भोजपुरी किंवा ओडिया ऐकते, गल्लीत हिंदी बोलते आणि अंगणवाडीत मराठीला सामोरे जाते. डहाणूच्या पाड्यावरचे मूल वारली घेऊन येते, तेव्हा त्याचीही हीच अडचण. दोघांच्याही घरची बोली सेविकेला थोडी यावी, एवढी तयारी प्रशिक्षणात करून घेणे अवघड नाही.

हवेचाही प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर सर्वांत वर होते. शरीराच्या वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते, हे लक्षात घेतले तर चिमण्यांचा धूर हा बालविकासाचा विषय ठरतो आणि त्याची चर्चा पर्यावरण खात्यापुरती ठेवता येत नाही.

लहानपणानंतरच्या टप्प्यांवरही या भागाच्या इतिहासाचा भार आहे. ज्या १९४५ साली बोर्डीत ताराबाईंचे केंद्र उभे राहिले, त्याच साली श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध आणि लग्नगडी प्रथेविरुद्ध उठले. लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतलेला तरुण बायकोसह आयुष्यभर त्याच्याकडे राबत असे. तारुण्याचा आरंभच गहाण पडे. ती प्रथा गेली. पण 'मी कोण होणार' हे चाचपून पाहण्याची किशोरवयातली मोकळीक आजही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. दहावीच्या आसपास शाळा सुटते आणि मुलगा ठेकेदाराच्या माणसांबरोबर कारखान्याच्या दाराशी उभा राहतो, मुलीचे लग्न ठरते. म्हातारपणाचेही तसेच. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठले, तिथल्या माणसांना उतारवयात परक्या जागी बस्तान बसवावे लागले. आयुष्याकडे समाधानाने वळून बघावे, अशा वयात त्यांच्या मागे वळून बघायला गाव उरले नव्हते.

पन्नाशीचे सोहळे होतील, सेविकांचे सत्कारही होतील आणि ते व्हावेतच. त्यासोबत काही कामे तातडीने व्हायला हवीत. अॅपमध्ये स्थलांतरित मुलाची नोंद नव्या ठिकाणच्या अंगणवाडीकडे वळवण्याची सोय आहे. ती वापरली जाते की नाही, हे भट्टीवर जाऊनच पाहायला हवे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने पाळणाघर सक्तीचे झाले, पण ठेकेदारांमार्फत छोट्या युनिटांत विखुरलेल्या बायका या अटीत बसत नाहीत. म्हणून एका युनिटापुरता विचार न करता औद्योगिक वसाहतीने मिळून पाळणाघरे चालवावीत. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची केंद्राची योजना आहे, तिच्यात बोईसरच्या चाळींना पहिला मान मिळावा आणि तिथली वेळ आयांच्या पाळीशी जुळावी. कोसबाडला कुरणाच्या वेळेनुसार शाळा भरू शकली, तर कारखान्याच्या भोंग्यानुसार अंगणवाडी का भरू नये? जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि दिवाळीआधी, भट्ट्यांकडे निघणाऱ्या गाड्या भरण्याआधी, त्यावर निर्णय व्हावा.